कर्जत-खालापुरात भाड्याचे घर : अट उत्पन्नाची आणि हद्दीचीही

विशेष प्रतिनिधी

मुंबईत घर परवडत नाही म्हणून ठाणे, ठाण्यात परवडत नाही म्हणून डोंबिवली आणि तिथेही जमेनासे झाले म्हणून बदलापूरच्या पुढे, असा चाकरमान्यांचा प्रवास गेल्या चार दशकांत होत आला. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे शेवटचे टोक असलेल्या कर्जत आणि खोपोलीपर्यंत तो आता येऊन ठेपला आहे. शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत, पळसदरी, खोपोली या स्थानकांभोवती उभ्या राहिलेल्या इमारतींच्या जाहिरातींत ‘स्वस्त घर’ हे शब्द हमखास असतात. पण ही घरे असतात विकत घेण्याची. महिन्याला पंधरा-वीस हजार मिळवणाऱ्या आणि बँकेच्या दारात उभे राहण्याजोगी कागदपत्रे नसलेल्या कुटुंबाला रास्त भाड्याने घर मिळावे, यासाठी सरकारने काय केले, त्यासाठी उत्पन्नाच्या अटी कोणत्या आणि रायगड जिल्ह्याच्या या दोन आतल्या तालुक्यांत त्या कशा लागू होतात, याची ही माहिती.

भाड्याचे घर ही मुंबईला नवी गोष्ट नाही. किंबहुना कामगारांची मुंबई भाड्याच्या खोलीतच वाढली. तत्कालीन सरकारने १९२० मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजेच बीडीडीने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तिथली एक खोली १६० चौरस फुटांची. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळानेही औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती उभारल्या. १९७७ मध्ये म्हाडाची स्थापना झाली. पुढे भाडे वसूल करणे आणि इमारतींची डागडुजी करणे हे दोन्ही सरकारला जड होऊ लागले, तशी ही घरे भाडेकरूंच्या मालकीची करून देण्याकडे कल वाढला. सरकारी भाड्याचे घर ही कल्पना जवळपास मोडीत निघाली ती तेव्हापासून. उरला तो खासगी घरमालक, आणि त्याला १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने इतके बांधून टाकले होते की नवे घर भाड्याने देण्यासाठी बांधावे, असे त्याला वाटेना.

पाच लाख घरांची घोषणा

ही कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न झाला तो २००८ मध्ये. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाडेतत्त्वावरील घरांची योजना जाहीर केली आणि पाच वर्षांत पाच लाख घरे उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले. योजनेची मांडणी साधी होती. जमीनमालकाला किंवा बिल्डरला चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक द्यायचा, त्या बदल्यात त्याने बांधकामाचा सुमारे चौथा हिस्सा लहान घरांच्या रूपाने प्राधिकरणाला फुकट द्यायचा आणि उरलेली घरे खुल्या बाजारात विकायची. सरकारच्या तिजोरीला तोशीस नाही आणि गरिबाला घर! प्राधिकरणाला मिळणारे हे घर होते १६० चौरस फुटांचे, स्वतंत्र शौचालय आणि स्वयंपाकाच्या ओट्यासह. बीडीडीच्या खोलीचे जे माप १९२० च्या दशकात होते, तेच माप नव्या शतकातल्या घरालाही सरकारला पुरेसे वाटले.

योजना महानगर प्रदेशासाठी होती आणि या प्रदेशाची हद्द मुंबई-ठाण्यापुरती नाही. रायगडमधील पनवेल, उरण, पेण आणि अलिबागसह कर्जत व खालापूर तालुक्यांचा भागही तीत येतो. कर्जत, खोपोली आणि माथेरान या तिन्ही नगरपरिषदा या प्रदेशातल्याच. त्यामुळे इथल्या जमिनींनाही या धोरणाची हवा लागली. जमिनीला वाढीव चटईक्षेत्र मिळणार म्हटल्यावर भाव चढायला घर बांधून व्हावे लागत नाही.

प्रत्यक्षात काय झाले? एकाच जागेवर चार निर्देशांकाने लहान घरांच्या उंच इमारती उभारल्या तर पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते पुरणार कसे, हा प्रश्न स्थानिक संस्थांनी आणि नियोजनकारांनी विचारला. तो रास्तच होता. २०११ नंतर धोरण बदलले. १६० चौरस फुटांऐवजी ३२० चौरस फुटांच्या घराचा विचार पुढे आला, चटईक्षेत्र कमी झाले आणि ‘भाड्याचे घर’ हे शब्द मागे पडून ‘परवडणारे घर’ पुढे आले. जी घरे तयार झाली त्यांचा उपयोगही निराळाच झाला. ठाण्यात ती धोकादायक इमारतींतील रहिवाशांसाठी संक्रमण शिबिर म्हणून वापरण्यात आली. पनवेलजवळच्या कोन येथील २ हजार ४१७ घरे गिरणी कामगारांना देण्याचे ठरले आणि २ डिसेंबर २०१६ रोजी त्यांची सोडत निघाली. १६० चौरस फुटांची दोन घरे जोडून एक घर, किंमत सहा लाख रुपये. सोडतीनंतरही ताबा रखडला. २०२० मध्ये करोनाकाळात या इमारती विलगीकरणासाठी वापरण्यात आल्या, मग त्यांची दुरुस्ती निघाली. चाव्या मिळू लागेपर्यंत अनेक वर्षे गेली. भाड्याने देण्यासाठी बांधलेले घर अखेर मालकीनेच वाटले गेले, हे या योजनेचे तात्पर्य.

शेलूचा प्रश्न

गिरणी कामगारांचा हा धागा थेट कर्जत तालुक्यात येऊन पोहोचतो. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची व त्यांच्या वारसांची संख्या दीड लाखाहून अधिक. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनीवर इतकी घरे होणे शक्य नाही, असे सांगत राज्य सरकारने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाद्वारे ठाणे जिल्ह्यातील वांगणी आणि रायगडमधील शेलू येथे मिळून ८१ हजार घरांचा प्रस्ताव पुढे आणला. घराची किंमत १५ लाख रुपये धरून साडेपाच लाखांचा भार इतरांनी उचलायचा आणि कामगाराने साडेनऊ लाख भरायचे, असे त्याचे गणित.

येथे उत्पन्नाची अट नाही. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत नोकरी होती, हाच पात्रतेचा निकष. मात्र अट नसली म्हणून ऐपत येत नाही. साडेनऊ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सव्वाआठ हजारांच्या आसपास बसतो. १९८२ च्या संपात असलेला कामगार आज सत्तरीच्या पुढे आहे. त्याला वीस वर्षांचे कर्ज कोणती बँक देणार? म्हणजे घर घ्यायचे ते मुलाच्या किंवा नातवाच्या पगारावर, आणि त्याची नोकरी मुंबईत असेल तर शेलूहून रोज जाऊन येऊन साडेतीन-चार तास गाडीत. कामगार संघटनांनी म्हणूनच ‘घर मुंबईतच द्या’ अशी मागणी लावून धरली. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोठा मोर्चा झाला. शेलू-वांगणीचे घर नाकारणाऱ्याचा हक्क जाईल, अशी भीती ज्या कलमामुळे निर्माण झाली होती, ते १७ वे कलम हा या रोषाचा मुख्य विषय होता.

कुणाचा पक्ष घ्यायचा हा वाचकाचा प्रश्न. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शेलूसारख्या ठिकाणी घर भाड्याने घेऊन वर्षभर राहून पाहण्याची सोय सरकारने ठेवली असती, तर अनेकांना आपला निर्णय स्वतःच करता आला असता. विकत घेतलेले घर चुकीच्या जागी निघाले तर ते मोडून दुसरे घेणे गरिबाला जमत नाही. भाड्याचे घर महिन्याच्या नोटिशीवर सोडता येते.

गरीब कोण? उत्तर योजनेगणिक वेगळे

आता उत्पन्नाच्या अटींकडे वळू. केंद्र सरकारने २०१२ मध्ये वार्षिक एक लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि एक ते दोन लाखांच्या कुटुंबाला अल्प उत्पन्न गटात धरले होते. २०१५ मध्ये शहरी प्रधानमंत्री आवास योजना आली, तेव्हा या मर्यादा अनुक्रमे तीन लाख आणि सहा लाख झाल्या. सप्टेंबर २०२४ पासून या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यातही दुर्बल गटासाठी तीन लाख आणि अल्प गटासाठी सहा लाख हीच मर्यादा ठेवण्यात आली असून मध्यम गटासाठी ती नऊ लाख आहे. मुंबई महानगर प्रदेशातील महागाई पाहता येथे दुर्बल गटाची मर्यादा तीनवरून सहा लाख करण्यास केंद्राने २०२३ मध्ये मान्यता दिली होती.

म्हाडाची मोजपट्टी वेगळी आहे. मे २०२२ मध्ये राज्य सरकारने ती सुधारली. मुंबई महानगर प्रदेश, पुणे महानगर प्रदेश, नागपूर आणि दहा लाखांवर लोकसंख्येची शहरे यांत वार्षिक सहा लाखांपर्यंत अत्यल्प, सहा ते नऊ लाख अल्प, नऊ ते बारा लाख मध्यम आणि त्यावर उच्च उत्पन्न गट. उर्वरित महाराष्ट्रात अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख, अल्प गटाची साडेसात लाख आणि मध्यम गटाची बारा लाख.

कर्जत-खालापूरकरांना या तपशिलाचे महत्त्व इतरांहून अधिक. कारण महानगर प्रदेशाची सीमा याच परिसरातून गेली आहे. मूळ प्रदेशात या तालुक्यांचा काही भागच होता. २०१९ मध्ये प्रदेशाचा विस्तार झाला आणि रायगडमधील आणखी गावे आत आली. समजा, एका कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाच लाख आहे. घर सीमेच्या आत असेल तर ते कुटुंब अत्यल्प गटात मोडते, बाहेर असेल तर अल्प गटात. उत्पन्न तेच, भाजीचा भाव तोच, रेल्वेचा पासही तोच. बदलते ती फक्त नकाशावरची रेघ. अर्ज करण्यापूर्वी ज्या गावात घर आहे ते गाव कोणत्या बाजूला येते, याची खातरजमा तहसील किंवा नगररचना कार्यालयात करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कुटुंबाचे उत्पन्न कसे मोजायचे, यातही फरक आहे. म्हाडाच्या सोडतीत अर्जदार आणि पती किंवा पत्नी यांचे एकत्रित उत्पन्न धरले जाते. आवास योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब. खोपोलीतल्या कारखान्यात नवरा महिना बावीस हजार मिळवतो आणि बायको घरकामाचे आठ हजार आणते, असे धरू. वर्षाचे झाले तीन लाख साठ हजार. केंद्राच्या सर्वसाधारण तीन लाखांच्या मर्यादेत हे कुटुंब दुर्बल ठरत नाही. महानगर प्रदेशाच्या सहा लाखांत सहज बसते. म्हाडाच्या नियमानुसार खालच्या गटातील व्यक्तीला वरच्या गटातील घरासाठी अर्ज करता येतो, वरच्या गटातील व्यक्तीला मात्र खाली येता येत नाही. त्यामुळे उत्पन्न मर्यादेच्या काठावर असलेल्यांनी आकडा ‘जुळवून’ घेण्याच्या फंदात पडू नये. पडताळणीत घर जाते.

करोनानंतरची भाडे योजना

लाखो मजूर २०२० च्या टाळेबंदीत पायी गावाकडे निघाले, तेव्हा शहरात त्यांच्यासाठी परवडणारे भाड्याचे घरच नाही, हे सत्य दिल्लीलाही दिसले. ८ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांची योजना मंजूर केली. तिचे दोन मार्ग. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे दुरुस्त करून २५ वर्षांसाठी भाड्याने चालवायला देणे हा पहिला. उद्योगांनी, संस्थांनी किंवा खासगी मालकांनी स्वतःच्या मोकळ्या जमिनीवर अशी संकुले बांधून ती २५ वर्षे चालवणे हा दुसरा. एका संकुलात किमान ४० घरे असावीत, एका शयनकक्षाचे घर ३० चौरस मीटरपर्यंत असावे, सामायिक निवासात प्रत्येक खाटेमागे १० चौरस मीटर जागा धरावी, असे निकष ठरले. लाभार्थी दुर्बल व अल्प उत्पन्न गटातील स्थलांतरित : कारखान्यातील मजूर, फेरीवाले, हॉटेलातील कामगार, विद्यार्थी.

भाडेवाढीची अट ही या योजनेतली चांगली तरतूद. सुरुवातीचे भाडे स्थानिक दर पाहून ठरवायचे, पुढे दर दोन वर्षांनी आठ टक्के वाढ आणि पाच वर्षांत एकूण वाढ वीस टक्क्यांहून अधिक नाही. म्हणजे तीन हजारांनी सुरू झालेले भाडे पाच वर्षांनी ३ हजार ६०० च्या वर जाऊ शकत नाही. पुढे दुसऱ्या टप्प्यातील आवास योजनेत भाड्याची घरे हा चारपैकी एक स्वतंत्र घटक करण्यात आला. राज्याच्या मंत्रिमंडळाने २० मे २०२५ रोजी मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणातही औद्योगिक क्षेत्रांजवळ कामगारांसाठी भाड्याची घरे हा विषय आहे. त्या धोरणाचे एकूण उद्दिष्ट २०३० पर्यंत दुर्बल व अल्प गटांसाठी ३५ लाख घरांचे.

खालापूर तालुक्याच्या दृष्टीने हा उद्योगांचा मार्ग सर्वांत जवळचा. पाताळगंगा-रसायनीचा औद्योगिक पट्टा आणि खोपोलीचे कारखाने इथेच आहेत, द्रुतगती मार्ग तालुक्यातून जातो. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्यावरील चौक हे स्थानक खालापुरातले. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला. या सगळ्या ठिकाणी काम करणारा कंत्राटी कामगार राहतो कुठे? एका खोलीत पाच-सहा जण, भाडे वाटून, लेखी करार नाही. कारखान्याने आपल्या आवारात किंवा शेजारी संकुल बांधले तर त्याला कामगार टिकवता येतो आणि कामगाराला प्रवास वाचतो. जमशेदपूरसारख्या नगरांत हे शतकापूर्वी झाले. खोपोलीत १९१५ मध्ये टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले, त्या काळातही कामगाराला जागा देणे हा उद्योगाच्या खर्चाचाच भाग मानला जाई. कंत्राटदार मध्ये आला आणि ती जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

एक पळवाट मात्र लक्षात घेण्याजोगी. मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प गटासाठी राखून ठेवण्याचा नियम २०१३ मध्ये राज्यात आला, तो दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत खोपोलीची लोकसंख्या सुमारे ७१ हजार, तर कर्जतची तीस हजारांच्या आत होती. साहजिकच इथे उभ्या राहिलेल्या संकुलांना ती अट लागली नाही. शहराबाहेर ‘स्वस्त’ म्हणून बांधलेल्या संकुलात खरोखर स्वस्त घर ठेवण्याचे बंधन नाही, असा हा प्रकार. त्यातली बरीच घरे शनिवार-रविवारपुरती उघडतात. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती, त्याची आठवण कर्जतच्या संध्याकाळी दिवे न लागलेल्या खिडक्या पाहून होते.

कराराचा कागद

सरकारी संकुल उभे राहील तेव्हा राहील. तोपर्यंत दहिवली, मुद्रे, नेरळ किंवा शिळफाटा येथे खोली शोधणाऱ्याला खासगी मालकाशीच व्यवहार करावा लागतो. राज्यात १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या मानल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे.

खर्चाचा बाऊ केला जातो, तोही निराधार. मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का. अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्के धरून ती रक्कम भाड्यात मिळवतात. चार हजार भाडे, वीस हजार डिपॉझिट आणि अकरा महिने मुदत असेल तर शुल्काचा हिशेब सव्वाशे रुपयांच्या आत राहतो. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. नोंदणी ऑनलाइनही होते. खिसा रिकामा होतो तो एजंटाच्या मेहनतान्याने.

मालक करार टाळतो तो कर आणि कटकट टाळण्यासाठी. भाडेकरूही गप्प बसतो, कारण खोली जाण्याची भीती. पण नुकसान भाडेकरूचेच अधिक. नोंदलेला करार हा वास्तव्याचा पुरावा आहे. तो नसेल तर शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलत नाही आणि बँकेत खाते उघडतानाही अडते. मुख्य म्हणजे राज्यात पंधरा वर्षे राहिल्याचा अधिवास दाखला मिळवताना वर्षे मोजायला कागद उरत नाही. म्हाडाच्या सोडतीला अधिवास दाखला लागतो आणि २०२३ पासून कागदपत्रांची तपासणी सोडतीच्या आधीच होते. दहा वर्षे भाड्याने राहून एकही कागद हाती नसलेली कुटुंबे याच टप्प्यावर गळतात. उत्पन्नाच्या अटीपेक्षा ही न लिहिलेली अट अधिक जणांना बाहेर ठेवते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज सेतू किंवा ‘आपले सरकार’ केंद्रातून करता येतो. पगारदाराला नियोक्त्याचे प्रमाणपत्र किंवा प्राप्तिकर विवरणपत्राची पावती चालते. रोजंदारीवरील कामगार, घरकामगार आणि रिक्षाचालक यांना तलाठ्याच्या चौकशी अहवालावर दाखला मिळतो. दाखल्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न आहे ते पाहून घ्यावे, कारण सोडतीत आधीच्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न विचारले जाते आणि जुना दाखला बाद होतो. आवास योजनेसाठी देशात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नसावे लागते आणि गेल्या वीस वर्षांत कोणत्याही सरकारी गृहयोजनेचा लाभ घेतलेला नसावा लागतो. गावाकडील वडिलोपार्जित पक्क्या घराचा उतारा स्वतःच्या नावे झाला असल्यास तो आधी तपासून घ्यावा.